डोंगरांच्या वाट्याला आलेले अरुंद रूळ

२०२३ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या सरकारी रेल्वे कंपनीच्या, म्हणजे रेन्फेच्या, अध्यक्षांना पद सोडावं लागलं. वाहतूक मंत्रालयाच्या सचिवही त्याच वेळी गेल्या. देशाच्या उत्तर किनाऱ्यावर अस्तुरियास आणि कांताब्रिया हे दोन डोंगराळ प्रांत आहेत. तिथल्या लोकल मार्गांसाठी ३१ नव्या गाड्यांची मागणी नोंदवली होती, जवळपास २५ कोटी ८० लाख युरोंची. करार २०२० मध्ये झाला. पुढे आराखडे काढायला बसल्यावर गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या ध्यानात आलं की कागदावर दिलेल्या मापाच्या गाड्या तिथल्या काही बोगद्यांतून जाणारच नाहीत. सुदैवानं एकही गाडी बांधून झालेली नव्हती. पैसे वाचले, पण वर्षं वाया गेली.

ही बातमी जगभर लोकांनी हसत हसत वाचली. मला तिच्यात हसण्यासारखं फारसं काही दिसलं नाही. त्या बोगद्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत याला कारण आहे. ते एका सरकारनं एका नकाशावर आखून खोदलेले नाहीत. वेगवेगळ्या काळात कितीतरी छोट्या कंपन्यांनी आपापल्या खिशाला परवडेल तेवढंच भोक डोंगराला पाडलं. दक्षिण युरोपातल्या अरुंद रेल्वेची सगळी गोष्ट त्या भोकात आहे म्हटलं तरी चालेल. पोर्तुगालपासून ग्रीसपर्यंत, जिथे डोंगर होते आणि पैसा नव्हता, तिथे तिथे हीच रेल्वे पोहोचली.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. युरोपात बहुतेक ठिकाणी ते १४३५ मिलिमीटर आहे आणि त्याला प्रमाण गेज मानतात. त्याहून कमी ते सगळं तिकडे नॅरोगेज. आपल्याकडे मीटरगेज आणि नॅरोगेज असे दोन वेगळे वर्ग करायची सवय आहे. युरोपात मीटरगेजही नॅरोगेजमध्येच मोजतात. या लेखात तोच अर्थ धरू. स्पेन आणि पोर्तुगालचे मुख्य मार्ग मात्र प्रमाण गेजहूनही रुंद आहेत, १६६८ मिलिमीटरचे. आपलं ब्रॉडगेज १६७६ चं आहे, म्हणजे फरक अवघ्या ८ मिलिमीटरचा. या रुंद रुळांमुळेच स्पेनमध्ये डोंगरात शिरताना अरुंद रुळांचा मोह जास्त झाला.

स्वस्त पडतं म्हणजे नेमकं काय स्वस्त पडतं?

पुष्कळांना वाटतं की रूळ जवळ आणले की स्लीपरचं लाकूड वाचतं, जमीन कमी लागते, म्हणून खर्च कमी. ते खरं आहे, पण ती बचत किरकोळ. खरा पैसा वाचतो तो वळणावर.

रेल्वेच्या डब्याची दोन्ही चाकं एकाच आसाला पक्की जोडलेली असतात. बैलगाडीसारखं एक चाक जास्त आणि एक कमी फिरू शकत नाही. गाडी काटकोनात वळते तेव्हा बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. प्रमाण गेजवर हा फरक सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो, मीटरगेजवर दीड मीटरच्या आसपास. चाकांना थोडा निमुळता उतार दिलेला असतो. वळणावर चाक किंचित बाहेर सरकतं, बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं आणि आतलं लहान घेरावर. बराचसा फरक असा भरून निघतो. पण या युक्तीला मर्यादा आहे. वळण फार घट्ट असेल तर चाक रुळाला घासत, किंचाळत जातं आणि शेवटी रुळावर चढू पाहतं. रूळ जवळ असले, डबे आखूड असले, दोन आसांमधलं अंतर कमी असलं आणि वेगही बेताचा असला, तर तीच गाडी कितीतरी घट्ट वळण निभावून नेते. मुख्य मार्गावर तीनशे मीटर त्रिज्येचं वळण घट्ट मानतात. मीटरगेजची गाडी शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावरूनही जाते, कुठेकुठे त्याहून कमी.

आता हे डोंगराच्या अंगावर मांडून पाहा. मोठ्या गाडीला पुढे आलेली सोंड कापावी लागते, मधली घळ भरावानं किंवा पुलानं ओलांडावी लागते आणि मग बोगद्यात शिरावं लागतं. छोटी गाडी पाऊलवाटेसारखी सोंडेला वळसा घालते, घळीच्या पोटात शिरते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. रेल्वे बांधताना लोखंडापेक्षा दगडमातीच जास्त पैसा खाते, आणि छोट्या गाडीला तीच कमी लागते. त्यात इंजिन हलकं, म्हणून रूळ हलके, म्हणून पूलही हलके.

या बचतीची किंमत नंतर द्यावी लागते. वेग कमी राहतो. दुसरी अडचण याहून मोठी. जिथे अरुंद मार्ग मुख्य मार्गाला मिळतो तिथे गाडी पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक पोतं, पेटी, पिंप एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचं. तीस किलोमीटरच्या प्रवासात माल दोनदा हाताळावा लागला, तर व्यापारी विचार करतो की सरळ बैलगाडीनं, आणि पुढे ट्रकनं, का पाठवू नये? अरुंद रेल्वे पुढे जिथे जिथे मेली, तिथे हा प्रश्न बहुतेक वेळा हजर होता.

१८७० नंतरच एवढी घाई का झाली?

अरुंद रेल्वे जुनीच होती. वेल्समधली फेस्टिनिओग रेल्वे १८३६ पासून दगडी पाट्या खाणीतून बंदरावर आणत होती, अवघ्या ५९७ मिलिमीटरच्या रुळांवर. गाड्या उतारानं खाली येत आणि घोडे त्या वर ओढून नेत. १८६३ मध्ये तिथे वाफेचं इंजिन आलं. १८७० मध्ये तिथेच दोन्हीकडे तोंड असलेल्या फेअरली इंजिनाच्या चाचण्या झाल्या आणि त्या पाहायला अनेक देशांचे इंजिनिअर गेले. एवढ्याशा रुळांवरून एवढा माल जातो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तोपर्यंत अरुंद रूळ म्हणजे खाणीतली ढकलगाडी अशी समजूत होती. ती तिथे मोडली.

त्याच सुमाराला दक्षिण युरोपातल्या सरकारांपुढे एक अवघड प्रश्न उभा होता. शहरं आणि बंदरं जोडून झाली होती. उरले होते ते डोंगर, बेटं आणि गरीब जिल्हे. तिथले लोकही मतं देत होते, कर भरत होते, सैन्यात मुलं पाठवत होते आणि आम्हाला रेल्वे कधी असं विचारत होते. इटलीनं जुलै १८७९ मध्ये दुय्यम मार्गांच्या बांधणीचा मोठा कायदा केला. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये फ्रेसिने या मंत्र्याच्या योजनेला कायद्याचं रूप मिळालं. ग्रीसमध्ये १८८२ पासून हाच विचार जोरात सुरू झाला. प्रमाण गेजचा खर्च झेपणारा नव्हता आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. मधला मार्ग निघाला तो अरुंद रुळांचा.

इटलीचा ९५० मिलिमीटर हा आकडा विचित्र वाटतो. त्याचा उलगडा सोपा आहे. तिथल्या नियमात अंतर रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं होतं, आणि ते ठरलं १ मीटर. रुळाचं डोकं साधारण ५० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं वजा केलं की आतून आतपर्यंत ९५० उरतात. फ्रान्सनं आतून मोजून मीटर धरला, इटलीनं मध्यातून. मोजपट्टी कुठे टेकवली एवढ्यावरून इटलीची छोटी गाडी शेजाऱ्यांच्या रुळांवर कायमची परकी झाली. पुढे इटलीनं हेच माप आपल्या वसाहतीत, एरिट्रियात नेलं. मसावा बंदरापासून अस्माराच्या पठारावर चढणारी रेल्वे त्याच ९५० मिलिमीटरवर बांधली गेली.

सार्डिनिया: लांब वळसा कुणाच्या फायद्याचा?

इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे प्रमाण गेजचे मुख्य मार्ग बेंजामिन पियर्सी या वेल्श इंजिनिअरच्या हाताखाली १८८० च्या सुमारास पूर्ण झाले. ते मुख्यतः सपाटीवरून गेले. बेटाचं पोट, म्हणजे बार्बाजिया आणि ओलियास्त्राचा डोंगराळ मुलूख, बाजूलाच राहिला. त्यासाठी १८८६ मध्ये दुय्यम रेल्वेची वेगळी कंपनी निघाली आणि १८८८ मध्ये पहिल्या गाड्या धावल्या. पुढच्या पाचसहा वर्षांत मान्दास, सोर्गोनो, नुओरो, बोसा, तेम्पिओ अशी नावं रेल्वेच्या नकाशावर आली.

मान्दासहून पूर्व किनाऱ्यावरच्या अर्बाताक्स बंदरापर्यंत जाणारा मार्ग १८९४ पर्यंत पूर्ण झाला. त्याची लांबी १५९ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन गावांमधलं सरळ अंतर ६० किलोमीटरच्या आसपास भरतं.

एवढा वळसा फक्त डोंगरामुळे पडला नाही. सरकार कंपनीला दर किलोमीटरमागे ठरावीक वार्षिक मदत देत होतं. या एका अटीचा परिणाम बघा. कंपनीनं बोगदा खोदून दहा किलोमीटर वाचवले, तर खर्च वाढतो आणि मदत मात्र दहा किलोमीटरची कमी होते. वळसा घातला तर खर्च कमी आणि मदत जास्त. डोंगरानं वळण सुचवलं आणि हिशेबानं त्याला पक्की संमती दिली. काही स्टेशनं गावापासून कितीतरी लांब पडली, कारण गावापर्यंत चढण्याचा खर्च कंपनीला नको होता. मला या योजनेतली ही सर्वांत दुःखद बाब वाटते. ज्यांच्यासाठी रेल्वे म्हणून आणली, त्यांनाच ती गाठायला तासभर चालावं लागे. प्रवास तर इतका सावकाश की पुढे बस आल्यावर तिला फार झगडावंच लागलं नाही.

त्याच काळात बेटावरची ओकची जुनी रानं कोळशासाठी आणि स्लीपरसाठी मोठ्या प्रमाणात तुटली. डोंगरातून लाकूड बाहेर काढायला रेल्वे होती, आणि रेल्वेलाही लाकूड हवं होतं.

तरी हा मार्ग पूर्णपणे नाहीसा झाला नाही. १९८४ पासून यातल्या काही भागांवर त्रेनिनो वेर्दे, म्हणजे छोटी हिरवी गाडी, या नावानं पर्यटकांसाठी फेऱ्या सुरू झाल्या. ज्या वळणांनी रोजच्या प्रवाशाचा जीव नकोसा केला, तीच वळणं बघायला लोक आता तिकीट काढतात. २०१७ मध्ये इटलीनं अशा जुन्या मार्गांना पर्यटन रेल्वे म्हणून जपण्यासाठी खास कायदाही केला. आणि कालियारी शहराच्या कडेला याच ९५० मिलिमीटरच्या रुळांवर २००८ पासून आधुनिक ट्राम धावते. या ट्रामकडे लेखाच्या शेवटी परत येऊ.

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीला फेरी मारणाऱ्या चिर्कुमएतनेआ रेल्वेचाही उल्लेख हवा. रॉबर्ट ट्रेव्हेला या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली, १८९५ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि १८९८ मध्ये सुमारे ११० किलोमीटरचा फेरा पुरा झाला. डोंगरउतारावरची द्राक्षं, लिंबं आणि पिस्ते तिनं बंदरापर्यंत आणले. १९८१ च्या उद्रेकात रान्दाझ्झोजवळ लाव्हारस थेट रुळांवरून वाहून गेला. काही काळानं थिजलेल्या लाव्ह्यावर नवे रूळ टाकून गाडी पुन्हा सुरू झाली.

ग्रीस: कर्जावर आली, कर्जात गेली

मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती ग्रीसच्या गोष्टीची. १८८२ मध्ये खारिलाओस त्रिकूपिस पंतप्रधान झाले तेव्हा ग्रीसमध्ये रेल्वे म्हणजे अथेन्स ते पिरियस बंदर, जेमतेम दहाएक किलोमीटर. देश स्वतंत्र होऊन अर्धं शतक लोटलं होतं, तरी आतल्या गावांना जोडणारे धड रस्ते नव्हते. त्रिकूपिस यांनी ठरवलं की देश एका पिढीत जोडायचा. प्रमाण गेज घेतलं तर पैसा पुरणार नाही, म्हणून त्यांनी मीटरगेज निवडलं. फक्त उत्तरेच्या सीमेकडे जाणारा, पुढे उरलेल्या युरोपला मिळवायचा मार्ग प्रमाण गेजचा ठेवला. हा विचार उतावळा नव्हता. पेलोपोनीस या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाला जवळजवळ चारी बाजूंनी समुद्र. तिथली गाडी कुठल्या परदेशी रुळांवर जाणार होती?

पिरियस, अथेन्स आणि पेलोपोनीस रेल्वे ही कंपनी १८८२ मध्ये निघाली. १८८५ मध्ये गाडी कॉरिंथला पोहोचली, १८८७ च्या शेवटी पात्रासला. शतक संपेपर्यंत डोंगर ओलांडून ती दक्षिणेला कालामातापर्यंत गेली. थेसलीच्या मैदानात व्होलोस बंदरापासून वेगळी कंपनी कामाला लागली होती. दहाबारा वर्षांत ग्रीसमधली रेल्वे दहा किलोमीटरवरून नऊशेच्या घरात गेली. एवढ्या गरीब देशानं एवढ्या थोड्या काळात हे केलं, याचं कौतुक मला आजही वाटतं.

या गाड्या पोसल्या एका फळानं. पेलोपोनीसच्या किनाऱ्यावर बारीक काळ्या द्राक्षांचे मनुके होतात. पात्रास हे त्यांचं मोठं बंदर. १८७० च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांना फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं खाऊन टाकलं आणि तिथले दारूवाले ग्रीक मनुक्यांपासून वाइन करू लागले. मागणी एवढी वाढली की ग्रीक शेतकऱ्यांनी ऑलिव्हची झाडं तोडून द्राक्षं लावली. रेल्वेचं कर्ज फेडलं जाईल हा हिशेब या भरवशावर होता. मग फ्रान्सचे मळे सावरले, फ्रान्सनं आयातीवर जबर कर बसवला आणि १८९३ मध्ये मनुक्यांचा भाव कोसळला. त्याच डिसेंबरात ग्रीस सरकारनं कर्जफेड थांबवली.

काम मात्र लगेच थांबलं नाही. दिवाळखोरीनंतरच्या या वर्षांतच ग्रीसची दोन सर्वांत सुंदर छोटी रेल्वे सुरू झाली.

पहिली दिआकोफ्तो ते कालाव्रिता. रुळांमधलं अंतर ७५० मिलिमीटर, लांबी २२ किलोमीटर, सुरुवात १८९६ मध्ये. ती व्हुराइकोस नदीच्या घळीतून चढते. चढ इतका तीव्र की काही ठिकाणी साधारण ७ मीटरला १ मीटर. आपल्या बोरघाटात हे प्रमाण ३७ मीटरला १ आहे आणि तिथेही गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात. ७ ला १ वर नुसती चाकं घसरतील. म्हणून तिथे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवली आहे. इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकतं आणि गाडी शिडी चढावी तशी वर जाते. घळ जिथे सैल होते तिथे पट्टी संपते आणि गाडी पुन्हा साध्या रुळांवर धावते.

दुसरी व्होलोसहून पेलिओनच्या डोंगरात जाणारी. ही आणखी लहान, फक्त ६०० मिलिमीटर. एवारिस्तो दे किरिको हे इटालियन इंजिनिअर तिचे कर्ते. १८९० च्या दशकाच्या मध्याला गाडी किनाऱ्यानं लेखोनियापर्यंत धावू लागली आणि १९०३ मध्ये डोंगरातल्या मिलिएस गावी पोहोचली. मिलिएसच्या अलीकडे एक लोखंडी पूल आहे. पूल सरळ, पण त्याच्यावरचे रूळ वळलेले. वळणदार लोखंडी पूल बांधणं महाग आणि किचकट, म्हणून त्यांनी सरळ पूल थोडा रुंद घेतला आणि वळण त्याच्या अंगावर मांडलं. अरुंद रेल्वेची सगळी हुशारी त्या एका पुलात दिसते. या इंजिनिअरचा मुलगा जोर्जो व्होलोसमध्येच जन्मला, पुढे मोठा चित्रकार झाला, आणि त्याच्या निर्मनुष्य चौकांच्या चित्रांत मागे कुठेतरी धूर सोडणारी गाडी येत राहिली.

व्होलोसच्या स्टेशनात पुढे असा प्रसंग आला की मोठी, मधली आणि छोटी अशी तिन्ही गेज एकत्र आली. काही जागी एकाच वाटेवर तिन्हींसाठी रूळ टाकावे लागले. तीन निर्णय, तीन काळ, आणि मधे माल उतरवून पुन्हा चढवणारे हमाल.

पेलिओनची गाडी १९७१ मध्ये बंद झाली आणि १९९६ मध्ये पर्यटकांसाठी परत आली. पेलोपोनीसच्या मोठ्या जाळ्याचं नशीब वेगळं. अथेन्सहून कॉरिंथच्या पुढे कियातोपर्यंत प्रमाण गेजचा नवा मार्ग २००७ पर्यंत झाला. बाकीचं मीटरगेज मागे राहिलं. मग आलं २०१० चं कर्जसंकट. खर्चकपातीच्या यादीत हे मार्ग वर होते आणि २०११ च्या सुरुवातीपर्यंत पेलोपोनीसमधल्या जवळजवळ सगळ्या मीटरगेज गाड्या थांबल्या. गावागावांत स्टेशनं आहेत, रूळ आहेत, रुळांत गवत आहे. चालू राहिली ती कालाव्रिताची दातेरी गाडी, आणि काताकोलो बंदरात उतरणाऱ्या जहाजांतल्या प्रवाशांना ऑलिम्पियाचे अवशेष दाखवायला नेणारा एक छोटा तुकडा.

ठेकेदाराच्या सामानानं ठरवलेलं माप

बॉस्नियात गेज कुणी विचार करून ठरवलंच नाही. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य बॉस्नियात शिरलं. त्याला रसद पोहोचवायला तातडीनं रेल्वे हवी होती. ठेकेदाराकडे आधीच्या एका बांधकामावरचे तात्पुरते रूळ, छोटी इंजिनं आणि वाघिणी पडून होत्या, ७६० मिलिमीटरच्या. त्याच आणल्या आणि टाकल्या. लढाई संपली, रूळ राहिले. पुढची तीस वर्षं त्याच मापावर सारायेवो, मोस्तार, दुब्रोव्निकपर्यंत शेकडो किलोमीटरचं जाळं वाढत गेलं आणि त्या मापाचं नावच बॉस्नियन गेज पडलं. आपल्या बार्शी लाइटचं आणि विदर्भातल्या शकुंतलेचं माप ७६२ मिलिमीटर होतं, म्हणजे इंग्रजी अडीच फूट. दोन मिलिमीटर इकडे की तिकडे, पण आकड्यांमागची कारणं पूर्ण निराळी.

या जाळ्यातला, आजच्या सर्बियातल्या शार्गानचा डोंगर चढणारा भाग १९२५ मध्ये पूर्ण झाला. तीनशे मीटरचा चढ निभावण्यासाठी मार्ग डोंगराच्या आत-बाहेर करत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्वतःलाच ओलांडतो. १९७४ मध्ये तो बंद पडला, रूळ उचलले गेले. पंचवीस वर्षांनी ते पुन्हा टाकायला घेतले आणि आज तिथे पर्यटकांची गाडी धावते.

बस आली, आणि काही ठिकाणी आगगाडी टिकली

मार्ग बंद पडण्याची कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच. युद्धात काही उद्ध्वस्त झाले. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटाच्या पूर्व किनाऱ्याचा मार्ग १९४३ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं उडवला, तो पुन्हा उभा राहिला नाही. रस्ते सुधारले, ट्रक आले. डागडुजी टळत गेली, आणि कधीकधी ती चालढकल फार महागात पडली. २३ डिसेंबर १९६१ ला इटलीतल्या कातान्झारोजवळ फियुमारेल्लाच्या पुलावरून डबा दरीत कोसळला आणि ७१ माणसं गेली. त्यातले बरेचसे शाळा-कॉलेजला निघालेले विद्यार्थी होते. त्यानंतर तिथल्या खासगी कंपनीकडून कारभार काढून घेतला गेला. पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ब्रागान्साच्या लोकांना १९९२ चा ऑक्टोबर अजून आठवतो. मार्ग बंद करायचा म्हणून गाड्या रात्रीतून ट्रकवर चढवून नेल्या गेल्या. सकाळी स्टेशन रिकामं. दिवसाउजेडी नेल्या असत्या तर गाव आडवं पडलं असतं, हे नेणाऱ्यांना ठाऊक होतं.

एवढं वाचून अरुंद रूळ हेच या सगळ्याचं मूळ असं वाटू शकतं. मला ते पटत नाही, आणि त्याला पुरावा स्पेनचाच आहे.

बिल्बाओच्या पोलादभट्ट्यांना लेओन आणि पालेन्सियाचा कोळसा आणून देण्यासाठी १८९४ मध्ये ला रोब्लाची मीटरगेज रेल्वे झाली. शेकडो किलोमीटर लांब. शतकभर तिनं एक अख्खा उद्योग पोसला. १९९१ मध्ये तिच्यावरची प्रवासी गाडी थांबली, २००३ मध्ये ती परत सुरू झाली. बास्क प्रांतात सान सेबास्तियान ते फ्रान्सची सीमा या मार्गावरच्या गाडीला लोक तोपो, म्हणजे चिचुंदरीसारखा बिळात राहणारा तो जीव, म्हणतात, कारण ती सारखी बोगद्यात असते. मीटरगेजच आहे. १९८० च्या दशकात बास्क सरकारनं ती हातात घेतली, पैसा घातला, आणि ती आज गर्दीची शहरी गाडी आहे. व्हॅलेन्सियात जुन्या मीटरगेज लोकलचे दोन तुकडे १९८८ मध्ये भुयारानं जोडले आणि त्यातून शहराची मेट्रो निघाली. त्या मेट्रोत चढणाऱ्याला रूळ किती रुंद आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं. दर थोड्या वेळानं गाडी येते, एवढं त्याला पुरतं. सिसिलीतल्या कातानिया शहरातही १९९९ मध्ये मेट्रो आली ती एटनाला फेरी मारणाऱ्या त्याच रेल्वेच्या पोटातून. तिथे शहरापुरते रूळ प्रमाण गेजचे केले. कालियारीची ट्राम मात्र ९५० वरच मजेत चालते.

स्पेनच्या मायोर्का बेटाचं उदाहरण तर फार गोड आहे. सोयेरच्या खोऱ्यातली संत्री डोंगर ओलांडून पाल्माला न्यायला १९१२ मध्ये २७ किलोमीटरची रेल्वे झाली, १३ बोगद्यांची. तिचं गेज ९१४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर इंग्रजी एक यार्ड. १९२९ मध्ये ती विजेवर आली. १९९७ मध्ये त्याच डोंगरातून मोटारींसाठी बोगदा खुला झाला. पण तोपर्यंत लाकडी डब्यांची ती गाडी स्वतःच बघण्याची गोष्ट झाली होती.

म्हणजे रूळ अरुंद असल्यानं गाडीचा वेग आणि माल यांना मर्यादा पडते. ती सुरू राहते की नाही हे मात्र आसपास किती लोक राहतात, पुढच्या काळात तिच्यावर कुणी खर्च केला आणि ती वेळेवर येते का, यावर ठरतं. ज्या डोंगराळ गावांना १८८० च्या दशकात स्वस्तातली रेल्वे मिळाली, त्यांना पुढच्या शंभर वर्षांत दुरुस्तीचा पैसाही स्वस्तातलाच मिळाला. दोष द्यायचाच असेल तर मी तिथे देईन.

स्पेनच्या त्या ३१ गाड्यांचं पुढे काय झालं? नव्या गाड्या येईपर्यंत भरपाई म्हणून दोन्ही प्रांतांतला लोकल प्रवास फुकट करायचं सरकारनं जाहीर केलं. मापाचा प्रश्न असा सोडवायचं ठरलं की प्रत्येक बोगदा कागदावरच्या नियमात बसवत बसायचं नाही. त्या बोगद्यांतून वर्षानुवर्षं सुखरूप जाणारी एक जुनी गाडी घ्यायची, तिची मापं काढायची आणि नवी गाडी तिच्यावरून बेतायची. आपण शिंप्याकडे नेमका अंगाला बसणारा जुना सदरा मापाला नेऊन देतो ना, तसं.